गोदावरीसाठी थांबलेलं चाक

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे साहित्यिकांच्या आठवणी मागितल्या आहेत. ज्याचा सारा जन्म मासिकाच्या छापखान्यात गेला, त्याला साहित्यिक जवळून पाहायला मिळाले असतील, अशी त्यांची समजूत दिसते. मला साहित्यिक भेटले ते त्यांच्या अक्षरातून. कोणी कागद वाचवण्यासाठी पाठपोट लिहून माझे डोळे घालवले, कोणी शाईत इतकं पाणी घातलं की मजकूर उन्हात धरून वाचावा लागे. प्रत्यक्ष आलेच, तर ते संपादकांकडे बसून चहा घेत आणि जाताना माझ्याकडे बघून "जरा जपून हं" म्हणत. काय जपायचं, ते कोणी सांगितलं नाही.

तेव्हा मी आठवण सांगणार ती भिलाभाऊंची. ते साहित्यिक नव्हते. त्यांना अक्षरओळखही नव्हती. ते आमच्या यंत्राचं चाक फिरवत.

हल्लीच्या छापखान्यात बटण दाबलं की यंत्र चालू होतं. आमच्या वेळी धुळ्यात विजेची नुसती बोलणी चालली होती. यंत्राच्या एका अंगाला पुरुषभर उंचीचं लोखंडी चाक असे, ते हातानं ओढायचं. वर उभा राहून मी एकेक कागद लावायचा, खाली जुळवलेल्या खिळ्यांवरून, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवरून, शाईचा रूळ फिरायचा आणि कागद सिलिंडरभोवती जाऊन छापून बाहेर पडायचा. सगळी मेख चाकाच्या चालीत. चाक अडखळलं की कागद फाटतो, घाईनं फिरलं की शाई फिकी लागते. दुसऱ्या छापखान्यांत या कामाला दोन माणसं आळीपाळीनं लागत, आमच्याकडे भिलाभाऊ एकटे पुरत. तालमीतलं शरीर. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन यायचे आणि दिवसभर एका चालीत चाक ओढायचे.

मी कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा. छापखाना लहान असल्यामुळे कागद लावणाराही मीच. आमच्याकडे 'पांझरातरंग' नावाचं मासिक निघे. ते नानांचं. नाना आधी शाळामास्तर होते, नोकरी सोडून त्यांनी हा संसार मांडला होता. संपादक तेच, अंकावर पत्त्याच्या पट्ट्या डकवणारे तेच, आणि 'एक वाचक' या नावानं स्वतःच्या अग्रलेखाची तारीफ करणारेही तेच. त्यांना छळणारी माणसं पुष्कळ होती. एक दंतमंजनवाले वैद्य दर महिन्याला येऊन हट्ट धरत, की माझी जाहिरात कादंबरीत नायिका रडते त्या पानावर घाला, तिथं वाचक थांबतो. नाना त्यांना हात जोडत आणि जाहिरात त्याच पानावर घालत.

युद्धात कागद मिळेनासा झाला तेव्हा हे मासिक बंद पडलं. त्याचं वाईट मला अजून वाटतं. पण त्याच्या कितीतरी आधी, एका दिवाळीला, ते बंद पडता पडता वाचलं होतं. बंद पाडायला निघाले होते भिलाभाऊ.

मासिकाचा जीव होता क्रमशः येणारी कादंबरी, 'गोदावरीची कर्मकथा'. लेखक शिंदखेड्याच्या कचेरीतले एक कारकून, नाव गोविंदराव, टोपणनाव 'अश्रुमोचन'. गोदावरी पहिल्याच प्रकरणात लग्न होऊन सासरी आली आणि तेव्हापासून तिच्या वाट्याला सुख म्हणून आलं नव्हतं. सासू उपाशी ठेवी, नवरा हात टाकी, दीर चुगल्या करी. दर महिन्याला अश्रुमोचन नवं संकट पाठवत आणि आम्ही ते छापत असू.

आता प्रूफ तपासायची आमची रीत सांगतो. नानांनी मूळ लिखाण मोठ्यानं वाचायचं आणि मी कच्च्या छापावर नजर ठेवून चुका धरायच्या. मोठ्यानं म्हणजे विरामचिन्हांसकट. "हाय स्वल्पविराम दैवा उद्गारचिन्ह" असं. त्यातून नाना पडले मास्तर, सासूचं बोलणं सासूच्या आवाजात वाचायचे. त्या वेळी चाक बंद असे, म्हणून भिलाभाऊ चाकाशेजारच्या कट्ट्यावर बसून ऐकत. उद्गारचिन्ह ही शिवी आहे अशी त्यांची पक्की समजूत होती, कारण सासूच्या तोंडी ते फार येई. एकदा पेठेत एका टांगेवाल्याला त्यांनी ती हासडलीही होती. एरवी ते बोलत कमी. कधीतरी मला हळूच विचारत, "तात्या, पोरले जेवन भेटनं का?" मी म्हणे, "पुढच्या महिन्यात बघू."

त्या दिवाळी अंकात कादंबरी संपायची होती. आणि छापखान्याच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी, नानांना साफ बजावलं होतं: मागची दिवाळी होऊन गेल्यावर तुमचा दिवाळी अंक निघाला, यंदा दिवाळीच्या आत टपालात पडला नाही, तर मासिकाला यंत्र मिळणार नाही. यंत्रावर लग्नपत्रिका आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यांची कामं छापीन. धुळ्यात दुसरा कोणी आमचं मासिक छापायला तयार नव्हता. म्हणजे अंक वेळेवर निघाला नाही, तर नानांचं सगळं आयुष्यच आटोपलं, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं.

मग शेवटच्या प्रकरणाचं प्रूफ वाचायला घेतलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घराघरांत दिवे लागतात आणि गोदावरी विहिरीवर जाते. "आणि ती अथांग जळात दिसेनाशी झाली पूर्णविराम समाप्त." नानांनी उपरण्यानं डोळे टिपले. मी दोन चुका दुरुस्त केल्या. भिलाभाऊ उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी सगळं यंत्रावर चढवलं, शाई लावली, वर जाऊन कागद हातात घेतला आणि म्हटलं, "भाऊ, चला."

"नही."

"काय झालं? बरं नाही का?"

"मले काय व्हयनं? पोर मरी ऱ्हायनी ना. मी चाक फिरावसू तव्हय ती मरी. नही फिरावं तं ती काठवर उभी शे आजून."

मी त्यांना समजावलं, की भाऊ, ती मेली. लेखकानं मारली, मी खिळ्यांत जुळवली, आता तुमच्या हातात काही नाही. ते म्हणाले, "खिळामा मरनी व्हई. कागदवर नही." माझा स्वभाव तापट. मी खाली उतरून त्यांना नाही नाही ते बोललो, नानांच्या पोटावर पाय देताय म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तात्या, मले बहीन नही. ही एक शे. मना हाततून ती मराले नको." आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुसरा माणूस आणावा, तर कपाशीचा हंगाम सुरू झालेला, अंगात जोर असलेला प्रत्येक गडी जिनात. शेवटी दोन हमालांना मिनतवारीनं दुपारच्या सुटीपुरतं बोलावलं. ते आले, ओट्यावर भिलाभाऊ बसलेले पाहून त्यांच्याजवळ टेकले. पुष्कळ वेळ झाला तरी आत येईनात, म्हणून मी डोकावलो. भिलाभाऊ त्यांना पहिल्या प्रकरणापासून गोष्ट सांगत होते. दिराच्या चुगलीपर्यंत आले होते. एक हमाल डोळे पुसत होता, दुसरा दिराचा पत्ता विचारत होता. गोष्ट संपल्यावर दोघं उठले आणि "हाई पाप आमनाकडतून व्हवाव नही" म्हणून परत जिनात गेले.

मग नानांनी कोट काढला, धोतराचा काचा मारला आणि स्वतः चाकाला हात घातला. माणूस हट्टी, पण वजन बेताचं. चाक वर जाताना नाना वर जात, खाली येताना नाना खाली येत. कसाबसा एक कागद सिलिंडरभोवती निम्मा गेला, चाक अडखळलं आणि कागद टर्रकन फाटला. मी हातात घेऊन पाहिला. गोदावरी विहिरीच्या काठापर्यंत छापली होती, पुढचं सगळं यंत्रात राहिलं होतं.

भिलाभाऊ दारातून बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "तिनीच मर्जी नही."

आता एकच उपाय उरला. अश्रुमोचनांकडून शेवट बदलून आणायचा. नानांचे हात सुजलेले, तेव्हा मी निघालो. धुळ्याहून नरडाण्यापर्यंत मोटार. त्या काळची मोटार म्हणजे चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची आणि भाडंही द्यायचं. नरडाण्याला रेल्वे पकडून शिंदखेडा. कचेरीत गोविंदराव भेटले. उंच, बारीक, कानावर टाक. मी सगळी हकिगत सांगितली आणि ते रागावतील म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. पण त्यांचा चेहरा उजळला.

"रडला का तो?" त्यांनी विचारलं.

"रडले. पण चाक फिरवत नाहीत."

"म्हणजे प्रकरण त्याच्यापर्यंत नीट पोचलेलं नाही. नाना वाचताना घाई करतात. मी येतो आणि वाचून दाखवतो."

"त्यापेक्षा तिला वाचवलीत तर?"

"तात्या," ते म्हणाले, "मी तिला वाचवली तर लोक मला अश्रुमोचन कशाला म्हणतील?" आणि रजेचा अर्ज लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या छापखान्यात वाचन झालं. गोविंदराव मधोमध उभे, समोर खाली भिलाभाऊ मांडी घालून, बाजूला नाना आणि मी. खरं सांगायचं तर माणूस वाचायचा फार सुंदर. जे प्रकरण मी अक्षर अक्षर करून जुळवलं होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दिवे लागतात ते वर्णन आलं तेव्हा नाना हुंदके देत होते. ती विहिरीचा कठडा हातानं चाचपते तिथं माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. 'समाप्त' झालं तेव्हा खुद्द गोविंदरावांनाही डोळे पुसावे लागले. भिलाभाऊंची तर दाढी भिजली होती. त्यांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "भलतं चांगलं शे. फिरावणार नही."

गोविंदराव मटकन खाली बसले.

"भाऊसाहेब," भिलाभाऊंनी विचारलं, "तिले भाऊ नही का?"

"नाही."

"का बरं नही?"

"अहो, भाऊ असता तर तो पहिल्या दिवाळीलाच तिला न्यायला आला असता! मग कादंबरी कशी झाली असती?"

भिलाभाऊंना हे पटलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली. मग दुसऱ्याच कशाची चौकशी करावी तसं म्हणाले, "तुमले बहीन शे?"

"आहे. अक्का. माझ्याहून मोठी."

"कोठे देयेल शे?"

"पारोळ्याला."

"दिवाईले आनतस का तिले?"

गोविंदराव म्हणाले, तिच्या यजमानांशी आमचं जमत नाही. एका मुंजीत त्यांना पंगतीत कोपऱ्यातला पाट मिळाला, त्यावरून बोलाचाली झाली, तेव्हापासून जाणं-येणं बंद. झाली त्याला बरीच वर्षं.

"मंग ती काय करस दिवाईले?"

"ठाऊक नाही," गोविंदराव म्हणाले.

भिलाभाऊंना खरोखरच नवल वाटलं. "गोदावरी काय करस ते तं बठ्ठं ठाऊक शे तुमले," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. भिलाभाऊंना टोमणा मारताच येत नसे. पण गोविंदरावांचा चेहरा पडला. त्यांनी हातातले कागद नानांच्या पुढ्यात ठेवले. मग उठले, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि चपला घालू लागले. नाना घाबरून मागे धावले.

"गोविंदराव, अहो प्रकरणाचं काय?"

"तुम्हीच लिहा. भाऊ न्यायला येतो, एवढंच लिहा."

"पण कसा येतो? काय बोलतो?"

"मला काय माहीत?" गोविंदराव ओरडले. "मी कधी गेलोय का? आता जातोय, बघतो." आणि पारोळ्याची मोटार सुटते त्या बाजूला चालू लागले.

आता आमच्यापुढं नवीन पंचाईत. बाकीची सगळी पानं जुळवून बांधलेली होती. विहिरीचा प्रसंग काढला की दीड पान मोकळं होत होतं, भावाला यायचं तर तेवढ्यात आलं पाहिजे, एक ओळ कमी नाही की जास्त नाही. नाना लिहायला बसले आणि त्यांनी भावाच्या तोंडी स्त्रियांच्या दास्यावर व्याख्यान घातलं. ते एकटंच तीन पानं झालं. मी ते बाजूला सारलं. भिलाभाऊंचं म्हणणं, व्याख्यान नको, भावानं आधी नवऱ्याला धुवावं, मग दिराला. सासू म्हातारी, तिला सोडून द्यावं.

"मारामारीला जागा नाही, भाऊ," मी म्हटलं.

"एक थापड?"

"एका थापडेला चार ओळी लागतात. लोक जमणार, नवरा पडणार, उठणार."

"मंग पडू द्या, उठाडू नका."

शेवटी तडजोड झाली. भाऊ बैलगाडी घेऊन येतो, विहिरीवर तिला बघतो. नवरा दारात येतो. भाऊ त्याच्याकडे नुसता बघतो आणि नवरा दारातून बाजूला होतो. मग भाऊ बहिणीला म्हणतो, "ऊठ. घरी चल." एवढंच. मी ते कागदावर न उतरवता थेट खिळ्यांतच जुळवलं, कारण जागेचा हिशोब माझ्या बोटांत होता. शेवटची ओळ बसवली तेव्हा भिलाभाऊ आधीच चाकापाशी उभे होते. त्या दिवशी चाक इतक्या जोरात फिरायला लागलं, की शाई फिकी लागतेय म्हणून मला वरून ओरडावं लागलं. अंक दिवाळीच्या आत टपालात पडला.

पुढं पुण्याच्या एका मासिकात कादंबरीवर अभिप्राय आला. टीकाकारांनी बाकी सगळं झोडपलं होतं, पण शेवटच्या प्रकरणात लेखणीला आलेला संयम त्यांना अपूर्व वाटला. तो संयम दीड पानाचा होता. या गोष्टीचा मला आजतागायत अभिमान आहे, आणि आज पहिल्यांदाच तो मी जाहीर करतो आहे.

दिवाळी उलटून काही दिवस झाल्यावर गोविंदराव छापखान्यात आले. बरोबर अक्का. दिवाळी माहेरी काढून त्या परत पारोळ्याला निघाल्या होत्या, मोटारीला अवकाश होता म्हणून "ते चाकवाले भाऊ बघायचेत" असं म्हणून आल्या होत्या. ठेंगण्या, चेहरा हसरा, मांडीवर गाठोडं. बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, की त्यांचे यजमान मासिकाचे जुने वर्गणीदार. अश्रुमोचन म्हणजे आपलाच मेहुणा, हे त्यांना या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.

"दर महिन्याला गोदावरीसाठी ढसाढसा रडायचे," अक्का म्हणाल्या. "रडून झालं की मला विचारायचे, भाकरी गार का?"

आम्ही सगळे हसलो. गोविंदराव जरा कमी हसले.

नाना तर फार खुशीत होते. वाचकांच्या पत्रांचा ढीग आला होता, सगळ्यांना गोदावरीचं पुढं काय झालं ते हवं होतं. शेठजींनीसुद्धा विचारलं होतं. नाना म्हणाले, आता दुसरा भाग सुरू करायचाच. गोविंदरावांचेही डोळे चमकले. त्यांच्याजवळ दोनतीन संकटं तयारच होती: सासूचं आजारपण, निरोप घेऊन आलेला दीर, पावसात अडकलेली गाडी.

भिलाभाऊ चाकाला तेल देत होते. ते मान वर न करता म्हणाले, "आते ती माहेरले शे. ऱ्हाऊ द्या तिले."

"अहो पण भाऊ," गोविंदराव म्हणाले, "कधी ना कधी तिला परत जावंच लागणार ना?"

बाहेर पारोळ्याच्या मोटारीचा भोंगा वाजला. अक्का उठल्या, गाठोडं काखेत घेतलं, पदर सारखा केला.

"गोविंदा," त्या म्हणाल्या, "मी जातेय ना. तिला राहू दे."

दुसरा भाग निघाला नाही.